दाबून बसवलेली जाड अक्षरं: बोर्ड, फाळका, पोस्टर यांवर कुठं चालतात आणि कुठं फसतात

काळा_इनॅमल

बेळगाव तालुक्यातल्या एका सोसायटीचा बोर्ड करायचा आहे. माप १० फूट बाय ३ फूट, एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा फलक) कापीव व्हिनिल (चिकट रंगीत प्लास्टिकमधून कापलेली अक्षरं). मजकूर: ‘प्राथमिक कृषी पत्तीन सहकारी संघ नियमित’ (पत्तीन हा कन्नड शब्द, म्हणजे पतपुरवठ्याचा; नियमित म्हणजे मर्यादित) आणि शेवटी तीन अक्षरी गावाचं नाव. वर कन्नड, मधे मराठी, तळाला इंग्रजी. मराठी एकाच ओळीत हवी आणि रस्त्यापलीकडून, म्हणजे साधारण ५० फुटांवरून, न थांबता वाचता आली पाहिजे.

दोन रस्ते दिसतात. बालू टू एक्स्ट्राबोल्ड हा जाड फॉन्ट घेऊन कोरेल या आरेखनाच्या प्रोग्राममधे आडवं ६० टक्क्यांवर दाबायचं, किंवा जुन्या पेंटरांसारखी उंच, चिंचोळी, जाड अक्षरं हातानं काढून ट्रेस करायची. हाताची काढली तर पुढं तीच पोस्टर आणि ट्रॉलीच्या फाळक्यासाठी (पत्र्याच्या फळीसाठी) फॉन्ट म्हणून वापरता येतील का? जाणकारांनी मापं देऊन सांगावं.

धागापाल

सुरुवातीलाच एक विनंती. फलकावर कोणती भाषा किती, याच्या बाजूनं आणि विरोधात बोलायला वेगळा धागा आहे. इथं अक्षरांचं बोला.

अडीचसूत

आधी हिशेब करा, मग फॉन्ट निवडा. उलटं करालेत सगळे म्हणून बोर्ड फसतात.

उंची ३६ इंच. कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणं ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात, म्हणजे २१.६ इंच गेले. राहिले १४.४. खाली १.२ इंच मोकळे सोडा, कन्नड आणि मराठीच्या मधे १, मराठी आणि इंग्रजीच्या मधे १, इंग्रजी कॅपिटल २.८. मराठीला उरले ८.४ इंच.

आता हे ८.४ म्हणजे अक्षराची उंची नव्हे ओ. त्यात वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. शिरोरेषेपासून अक्षराच्या बुडापर्यंतच्या उंचीला ‘अंग’ म्हणूया. साध्या जाड फॉन्टात वर अंगाच्या ०.४ पट आणि खाली ०.३५ पट जागा जाते, एकूण १.७५ पट. ८.४ भागिले १.७५, अंग ४.८ इंच. दाबीव (उंच, चिंचोळ्या) वळणात वरचं ०.२८ आणि खालचं ०.२२ वर आणता येतं, एकूण दीडपट. अंग ५.६ इंच. मात्रा-उकार ठेंगणे केल्यानंच पाऊण इंचाच्या वर कमाई झाली, रुंदीला अजून हात लावलेला नाही.

रुंदी बघा. गावासकट २२ अक्षरं, ६ मोकळ्या जागा. साधं जाड अक्षर काना धरून सरासरी अंगाच्या १.१ पट, मोकळी जागा ०.४: एकूण २६.६ पट. दोन्हीकडं ४-४ इंच सोडून ११२ इंच वापरायला मिळतात, म्हणजे अंग फक्त ४.२ इंच. दाबीव अक्षर सरासरी ०.८, मोकळी जागा ०.२५: एकूण १९.१ पट. ५.६ नं गुणलं की १०७ इंच. बसलं, वर ५ इंच शिल्लक.

बोर्डवाल्यांचा ठोकताळा असा की १० फुटांना १ इंच. ५० फुटांना ५ इंच अंग लागणार. ४.२ मधे तुमचं काम होत नाही, ५.६ मधे होतंय. दाबीव अक्षर घ्यायचं कारण एवढंच. ‘दिसायला भारी’ हे नंतर.

आणखी एक, ६० टक्के उंचीवर मोजायचे की क्षेत्रफळावर हे ज्या टेबलावर परवाना मिळतो तिथं नकाशा दाखवून आधी विचारून घ्या. व्हिनिल कापल्यावर विचारू नका.

वेलांटी_पहिली

हिशेब चोख आहे. आता बालू दाबण्याबद्दल: करू नका.

आडवं ६० टक्के दाबलं की उभ्या रेघा ६० टक्क्यांवर येतात, आडव्या तशाच राहतात. समजा दांडा (अक्षराची उभी रेघ) १५० एकक (फॉन्टमधलं माप) आणि शिरोरेषा १२० एकक आहे. दाबल्यावर दांडा ९०, शिरोरेषा १२०. देवनागरीत दांडा शिरोरेषेहून जाड किंवा फार तर तिच्याइतका असावा लागतो. उलटं झालं की सगळा शब्द वर एक फळी ठोकून खाली काड्या लटकवल्यासारखा दिसतो. गोल अक्षरांत (व, ब, क, ळ) बाजू बारीक आणि टाळू-तळ जाड होतात. ‘फॉन्ट ताणलाय’ हे वाचणाऱ्याला नाव घेऊन सांगता येत नाही, पण खटकतं प्रत्येकाला.

मुळात दाबीव म्हणूनच आखलेले आणि फुकट मिळणारे हे:

‘अनेक देवनागरी’ (हे फॉन्टचंच नाव). ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचं काम. रुंदीचा अक्ष (कमी-जास्त करायची पट्टी) ७५ ते १२५, जाडीचा १०० ते ८००. तुम्हाला रुंदी ७५, जाडी ८०० लागेल. मोठा फायदा म्हणजे ‘अनेक कन्नड’ त्याच अक्षांवर आहे, त्यामुळं दोन लिप्यांची जाडी जुळवायची कटकट अर्धी होते.

खंड, बोल्ड. इंडियन टाइप फाउंड्रीचा. नियमित, सरळ, बातमीच्या मथळ्यासारखा. यात कन्नड नाही.

टेको, बोल्ड. त्याच फाउंड्रीचा, जास्त चौकोनी. जर्सी आणि कबड्डीच्या पोस्टरला छान, सोसायटीच्या बोर्डाला जरा उर्मट.

तिन्ही गुगल फॉन्टवर खुल्या परवान्यात आहेत. धंद्याच्या कामाला वापरता येतात, बदल करता येतो. नुसती फॉन्टची फाइल विकता येत नाही, आणि मूळ नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं.

हाताच्या अक्षराची ऊब मात्र यातल्या एकातही नाही. यात्रा वन रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे, पण तो चिंचोळा नाही. मोदक जाड आहे, इतका की आतली पांढरी पोटं नुसत्या रेघा होऊन उरतात, आणि तोही रुंद. ‘जाड + चिंचोळं + हातानं काढलेलं’ हे त्रिकूट हवं असेल तर काढावं लागेल.

तलेकट्टू

कन्नडकडून दोन शब्द, कारण बोर्डाचा मोठा भाग तोच आहे.

कन्नडला शिरोरेषा नाही. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतंत्र तलेकट्टू (छोटी खूण) असतो आणि अक्षरं गोल, आडवी पसरतात. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ओत्तक्षर म्हणून खाली जातं. म्हणजे देवनागरी वर वाढते, कन्नड खाली आणि बाजूला. ‘प्राथमिक’ आणि ‘पत्तीन’ दोन्हींत कन्नड ओळीला खाली ओत्तक्षर येणार. आणि बरोबर तिथंच मराठी ओळीची वेलांटी वर येणार. अडीचसूत यांनी मधे १ इंच धरलाय तो ओत्तक्षराच्या तळापासून मोजा, अक्षराच्या बुडापासून नको. नाहीतर कन्नडचं शेपूट मराठीच्या वेलांटीत.

जाडी सारखी आकड्यानं करू नका, डोळ्यानं करा. कन्नडमधे वळणं जास्त, सरळ दांडे कमी. तीच जाडी दिली तर कन्नड हलकं आणि मराठी काळंकुट्ट वाटतं, कारण देवनागरीत शिरोरेषेचा काळा पट्टा सलग जातो. डोळे बारीक करून लांबून बघा, दोन्ही पट्टे सारखे करडे दिसले पाहिजेत. आणि कन्नड फार दाबू नका, रुंदी ८५-९० च्या खाली गेली की गोलाई मरते. कन्नडला उंचीही भरपूर मिळालीय, दाबायची गरजच नाही.

काळा_इनॅमल

ठरलं, काढायचंच. आलेखाचा कागद आणलाय. सुरुवात कुठल्या अक्षरानं करावी? ‘अ’पासून?

वेलांटी_पहिली

‘अ’पासून सुरू केलं तर ‘ह’पर्यंत येईतो जाडी तीनदा बदलावी लागेल. सगळ्यांत दाटीचं अक्षर आधी.

मिलिमीटरचा आलेख घ्या. १ मिमी = १० एकक धरा. अंग ७० मिमी, वर २० मिमी, खाली १५ मिमी, एकूण १०५. ए४ च्या उभ्या पानावर दोन ओळी नीट बसतात. हीच मापं बोर्डावर साधारण दुप्पट होतील (५.६ इंच म्हणजे १४२ मिमी), त्यामुळं मोजायलाही सोपं.

जाडी: दांडा १५ मिमी, शिरोरेषा १२, गोल बाजू १२-१३. पोट, म्हणजे अक्षराच्या आतली पांढरी जागा, ७ मिमीच्या खाली कुठंही जाऊ द्यायची नाही. दाबीव अक्षराचं वाचन या पोटावर चालतं, काळ्या रेघेवर नाही. जाड अक्षर काढताना सगळे काळं काढतात. पांढरं काढा, काळं आपोआप उरतं.

पहिला ‘क’. डावी बाजू १२, पोट ८, दांडा १४, उजवं पोट ८, उजवी बाजू १२: रुंदी ५४ मिमी. दांड्यात १ मिमी मुद्दाम मारलाय. ‘क’ बसला की रुंदीची वरची हद्द ठरली. मग ‘व’: बाजू १३, पोट ८, दांडा १५, रुंदी ३६. ‘ब’ ‘व’वरूनच, पण त्याची आडवी काटरेघ ७ मिमीवर आणा नाहीतर पोटाचे दोन ठिपके उरतील. ‘व’ नंतर ‘प’, ‘ष’, ‘र’, ‘त’, ‘न’ झरझर निघतात. काना म्हणजे १५ चा दांडा आणि ७ मोकळे.

त्यानंतर अवघड टोळी: क्ष, ज्ञ, झ, ह, ण, ळ, भ, ष्ट्र. यांना दांडा १३-१४ द्या, रुंदी वाढू द्या. सगळी अक्षरं एकाच रुंदीच्या खोक्यात कोंबायचा हट्ट हा नवशिक्याचा हट्ट. जेफ्री लीच्या इम्पॅक्ट या जाड इंग्रजी फॉन्टमधे (१९६५) रोमन अक्षरं विटांसारखी शेजारी शेजारी बसतात आणि ते बघून आपल्याकडं तसं करायला जातात. रोमन अक्षर वर-खाली दोन्हीकडं मोकळं असतं. आपलं दोरीला टांगलेलं, वर वेलांटी, खाली उकार. त्याला विटेचा आकार देता येत नाही.

मराठी वळण सांभाळा: ल, श, झ, अ आणि ५, ८, ९ हे अंक. हिंदी वळणाचा ‘झ’ किंवा ‘ल’ काढलात तर गावातला माणूस ‘बाहेरून छापून आणलंय’ म्हणणार.

अडीचसूत

वेलांटीताई, शिरोरेषा १२ ला माझा विरोध आहे. कापीव व्हिनिलला चालेल, खरं भिंतीवर आणि फाळक्यावर शिरोरेषा दांड्याइतकीच ठेवा. भिंत सपाट नसते, खडूचा दोरा मारून रेघ ओढली तरी कडा खालीवर होतात. बारीक शिरोरेषेत ते लगेच दिसतं.

वेलांटी_पहिली

मान्य, पण मग अंग ७० मधून ३ मिमी गेले आणि ते ‘ह’, ‘झ’, ‘इ’ यांच्या पोटातून जाणार. भिंतीसाठी १४ करा, त्याच्या वर नको. शिरोरेषा दांड्याइतकी झाली की ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक कमी होतो. तो फरक शिरोरेषेतल्या फटीवर उभा आहे. फट किमान ८ मिमी राहिली पाहिजे.

तलेकट्टू

आपल्या भागात ‘ळ’ला वेगळा वेळ द्या. पुण्या-मुंबईच्या फॉन्टवाल्यांना तो क्वचितचा वाटतो. इथं बेळगाव, हुबळी, हळ्ळी, येळ्ळूर, जिकडं बघाल तिकडं ‘ळ’. आणि येळ्ळूरमधे तर ळ्ळ, त्यात आणि खाली दीर्घ ऊकार!

दाबीव वळणात ‘ळ’ची दोन पोटं शेजारी बसत नाहीत, डोळे मिटल्यासारखी होतात.

वेलांटी_पहिली

‘ळ’ रुंद होऊ द्या, ५८-६० मिमीपर्यंत, ‘क’पेक्षाही जास्त. बाजू १०-११ वर आणा. दोन्ही पोटं एका उंचीवर न ठेवता डावं थोडं वर, उजवं थोडं खाली घेतलं की मधली जोडरेघ तिरकी होते आणि दोन्हीकडं ९ मिमी पोट मिळतं.

ळ्ळ एकाखाली एक रचू नका, ७० मिमीत दोन मजले जाड अक्षरात होत नाहीत. शेजारी काढा, पहिला ८० टक्के रुंदीचा, पाय मोडून, आणि दीर्घ ऊकार दुसऱ्यालाच. ट्ट, ड्ड (कबड्डी!), द्ध यांचाही तोच निकाल: कबड्डीतला ड्ड मजल्यांत बसवायला गेलं की लांबून ‘इ’ दिसतो. पाय मोडून ‘कबड्‌डी’ लिहिलं तर शाळामास्तर नाक मुरडतील, पण वाचता येईल.

वरच्या २० मिमीबद्दल. वेलांटीची रेघ १० मिमी, खाली १० मोकळे. ऐकाराच्या दोन मात्रा एकावर एक न ठेवता शेजारी, दोन्ही जास्त तिरप्या. खरा प्रश्न रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात तेव्हा. ‘ज्योतिर्लिंग’ लिहून बघा. तिथं तीन वेगळे तुकडे ठेवायचे नाहीत. रफाराच्या आकड्याच्या पोटात ८ मिमीचा ठिपका बसवून तिन्हींचा एकच तुकडा काढायचा. ‘मार्कंडेय’चा रफार-अनुस्वारही तसाच. आपल्या नदीचं नाव आहे, बोर्डांवर सतत येणार.

खालचे १५ मिमी: उकाराची रेघ ८-९, वर ६ मोकळे. ट, ठ, ड, ढ, द, ह ही दांडा नसलेली अक्षरं उकार लागताना ५ मिमी वर उचलून वेगळी काढा. कृ, रु, रू, हृ वेगळीच काढायची.

आणि ऱ्य. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द प्रत्येक दुसऱ्या पोस्टरवर असतो. ‘कार्य’मधला रफार वेगळा, ‘शेतकऱ्या’तली चंद्रकोरीसारखी र वेगळी. ती जाड वळणात १० मिमीच्या खाली बारीक करा आणि पुढच्या अक्षराला खेटू देऊ नका. फॉन्टमधे हे रूप बनवायचं राहिलं की ‘र’खाली टिंब आणि पाय मोडलेला असा विचित्र प्रकार छापून येतो.

प्लॉटरवाला

कागदावरून कापण्यापर्यंतचं माझ्याकडून.

स्कॅन ६०० डीपीआय, काळं-पांढरं. आपोआप ट्रेस मारलं की एका ‘क’ला दीडशे-दोनशे बिंदू पडतात. ते तसेच प्लॉटरला (व्हिनिल कापायच्या यंत्राला) दिले तर सुरी दर बिंदूला अडखळते आणि गोल कड दातेरी निघते. ट्रेस खाली ठेवून वरून बेझियरनं (बिंदू ओढून वळण काढायच्या हत्यारानं) पुन्हा काढा. ‘व’ला २०-२५ बिंदू पुरतात. गोलाच्या वर-खाली-डावी-उजवी टोकांवर बिंदू आले पाहिजेत.

सर्वांत मोठा घोटाळा: शिरोरेषा. देवनागरी फॉन्टमधे शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात (१०-२० एकक), नाहीतर मधे केसासारखी पांढरी फट दिसते. पडद्यावर हे कळत नाही. प्लॉटरला पाठवलं की तो प्रत्येक अक्षर वेगळं कापतो आणि शिरोरेषेत प्रत्येक जोडावर सुरी फिरते. व्हिनिल चिकटवताना तुकडे तुकडे. उपाय: मजकूर आधी कर्व्हमधे (टाइपऐवजी नुसत्या आकारात) बदला, मग सगळा शब्द निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा (इंकस्केपमधे युनियन, इलस्ट्रेटरमधे पाथफाइंडरचं युनाइट). नंतर वायरफ्रेममधे (नुसत्या कडा दिसतात तिथं) बघा, आडव्या रेघेत एकही उभी रेघ राहता कामा नये.

बाहेरून रेघ (आउटलाइन) देतानाही हेच, आधी वेल्ड. शिवाय कोरेलची आउटलाइन कडेच्या मधोमध बसते, अर्धी आत जाते आणि पोट खाते. ‘फिलच्या मागे’ हा पर्याय लावा, कोपरा गोल ठेवा. टोकदार कोपरा ठेवला तर ‘श’ आणि ‘ज्ञ’च्या कोनांतून काटे बाहेर येतात.

सुरी ४५ अंशाची असेल तर ऑफसेट (सुरीचं टोक मधापासून किती बाजूला) साधारण ०.२५ मिमी, चुकला की कोपरे उघडे राहतात नाहीतर गोलावतात. ३ मिमीहून लहान पोटं सोलताना उचलून येतात. तुमच्या बोर्डावर पोट १५ मिमी येतंय, चिंता नाही. पण तोच आर्टवर्क सहाव्या हिश्श्याच्या मापाला स्टिकरसाठी कापायला आणू नका, लोक आणतात.

अक्षरांतलं अंतर वाढवायचा मोहही टाळा. देवनागरीत ट्रॅकिंग दिलं की शिरोरेषा तुटते. जागा उरली तर शब्दांच्या मधे वाटा.

काळा_इनॅमल

फॉन्ट करायचाच झाला तर किती आकार लागतील? दुकानात अजून श्रीलिपी (मराठी टाइप करायचा जुना प्रोग्राम) आणि जुनं कोरेल आहे.

वेलांटी_पहिली

एका बोर्डासाठी फॉन्ट करू नका. तुमच्या नावात २२ अक्षरं, त्यातली पाच-सहा परत येतात. ती तेवढी काढा. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं काढली ती फॉन्ट नव्हती; प्रत्येक शीर्षक त्या शब्दांपुरतं बेतलेलं होतं, म्हणून त्यात वेलांटी लांब खेचता आली, काना खाली सोडता आला. फॉन्टमधल्या अक्षराला शेजारी कोण येणार हे माहीत नसतं, म्हणून त्याला सभ्य राहावं लागतं.

फॉन्टच हवा तर: स्वर, व्यंजनं, अर्धी रूपं, र जोडलेली रूपं (प्र, त्र, ट्र), मुख्य जोडाक्षरं, मात्रांची जुळवलेली रूपं, अंक, विरामचिन्हं. फक्त मथळ्यांसाठी धरलं तरी ३५०-४०० च्या आत भागत नाही. ऱ्हस्व वेलांटीचीच रूपं निदान चार-पाच, कारण ‘रि’वरची कमान आणि ‘ष्ट्रि’वरची कमान एकच असू शकत नाही. फाँटफोर्ज फुकट आहे. नियमांचा क्रम लावताना क्ष-ज्ञ (अखंड) आधी, मग रफार, मग र-जोड, मग अर्धी रूपं, आणि मात्रांचं जुळवणं सगळ्यांत शेवटी. क्रम चुकला की ‘र्क्ष’ फुटतो. ॲ आणि चंद्रबिंदू विसरू नका, ॲग्रो आणि बँक दोन्ही लागतात.

हाताचं वाटावं म्हणून कडा थरथरत्या करायची गरज नाही. पेंटरची रेघ थरथरत नाही. हाताची खूण वेगळीच असते: दांडा वर १५, खाली १५.५, गोलाचं टोक ब्रश उचलला त्या कोनात तिरकं, ‘र’ आणि ‘क’ची दोन-दोन रूपं, जेणेकरून ‘सरकार’मधले दोन ‘र’ जुळे भाऊ दिसणार नाहीत.

श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, आणि जुन्या कोरेलमधे युनिकोड मराठीची वेलांटी उडून भलतीकडं बसते. इंकस्केपमधे मजकूर टाका, कर्व्ह करा आणि एसव्हीजी म्हणून कोरेलमधे न्या.

फाळका

उसाच्या ट्रॉलीचं कोणी बोललं नाही. चिकोडी-रायबाग-अथणी पट्ट्यात दाबीव जाड अक्षराचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तेच.

फाळक्याच्या पत्र्याला आडव्या नळ्या (उठाव) असतात. अक्षराची उंची दोन उठावांच्या मधल्या सपाट भागावर ठरते, तुमच्या मनावर नाही. शिरोरेषा उठावावर कधीच आणू नका. ऊन तिरपं पडलं की सावलीची रेघ आणि शिरोरेषा एकमेकींत मिसळतात. वेलांट्या उठावावर चढल्या तर चालतात.

पत्र्याला आधी गंज पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड, तो पूर्ण सुकल्यावर पाया रंग, मग अक्षर. इनॅमल एक लिटरला टर्पेंटाइन ५० ते १०० मिली, त्याहून पातळ केलं की ‘व’च्या पोटात ओघळतं. चपटा ब्रश दांड्याच्या निम्म्या रुंदीचा: दोन ओढींत दांडा, कडा बाहेरच्या. एका ओढीत पूर्ण दांडा काढायला गेलं की खाली टोकाला पाचर होते. पोट शेवटी बारीक गोल ब्रशनं, पाया रंगानंच साफ करायचं. खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात हे काम घेऊ नका. दमट हवेत इनॅमलची चमक मरते, धूसर पडतं.

शेड द्यायचीच तर पोटाच्या निम्म्याहून जास्त नको. पोट १५ मिमी तर शेड ७. आणि खाली-उजवीकडं न देता सरळ खाली द्या. दाबीव अक्षरात बाजूची शेड शेजारच्या दांड्याला जाऊन भिडते.

निपाणी_स्क्रीन

टी-शर्ट आणि जर्सीच्या स्क्रीन छपाईसाठी. ४३ टी जाळी (सेंटीमीटरला ४३ धागे), पिगमेंट पेस्ट. कापडावर शाई दोन्ही बाजूंनी पसरते, त्यामुळं छापताना पोट कमीत कमी दीड मिमी ठेवा. एक मिमीचं दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याआधीच भरलेलं दिसतं. छातीवर २ इंच अंगाचं अक्षर वरच्या मापांनी काढलं तर पोट ५ मिमीच्या आसपास येतं, बिनधास्त. आतली लहान ओळ (गावाचं नाव, साल) मात्र या वळणात नको, ती साध्या जाड फॉन्टात.

शिवजयंतीच्या चित्ररथासाठी थर्माकोल किंवा फोम कापणार असाल तर गरम तारेला आत शिरायला वाट लागते. म, ब, व यांची पोटं बंद असतात. शिरोरेषेतून किंवा बाजूच्या रेघेतून एक बारीक चीर द्या, कापून झालं की बुजवा. पत्र्याच्या जाळीनं (स्टेन्सिल) फवारणार असाल तर चीर पुरत नाही, पूल ठेवावे लागतात, आणि पूल उभे ठेवा.

अडीचसूत

कुस्त्यांच्या पोस्टरचं एक राहिलं. ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ दोन ओळींत घालताना पहिल्या ओळीत ‘कु’चा उकार खाली आणि दुसऱ्या ओळीत वेलांटी-मात्रा वर. मधे जागा सोडत बसला तर दोन्ही ओळी लहान होतात. ओळ अशी तोडा की ‘कु’च्या खाली वेलांटी-मात्रा नसलेलं अक्षर येईल. ‘जंगी मैदान’ जरा उजवीकडं सरकवलं की ‘कु’ खाली मोकळा उतरतोय आणि ‘मै’च्या मात्रा ‘चे’च्या पुढं निघतात. दोन ओळी अर्धा इंच जवळ येतात, तेवढीच अक्षरं मोठी.

फोन नंबर या वळणात कुणी काढू नये. लांबून १ आणि ९ एकच दिसतात. नंबर साध्या जाड इंग्रजी आकड्यांत टाका, कन्नड वाचणाऱ्यालाही सोपं.

काळा_इनॅमल

‘क’, ‘व’, ‘स’, ‘ह’, ‘घ’ काढून झाले. ‘संघ’मधे ‘घ’ काळा ठोकळा दिसतोय. दांडा १५, पोट ७, सगळं माप बरोबर आहे.

वेलांटी_पहिली

‘घ’ची डावी बाजू दोन वळणांची आहे, दोन्हींना १२ दिलंय का? वरचं वळण ११, खालचं १२ करा, आणि मधली चोच दांड्याकडं जाते ती ९ वर थांबवा, दांड्याला टेकवू नका. शिरोरेषा ‘घ’वर पूर्ण जाते, त्यामुळं वरचं पोट आधीच बंदिस्त आहे. रुंदी ३८ असेल तर ४३ करा.

अडीचसूत

आणि कागद भिंतीला लावून २५ फूट मागं जाऊन बघा. ७० मिमीचं अक्षर २५ फुटांवर जसं दिसेल तसंच ५.६ इंचाचं ५० फुटांवर दिसणार. टेबलावर वाकून ‘घ’ कधीच बरोबर दिसत नाही.